दुसऱ्या माणसाचा कौल

दुबईतल्या नोकरीचं पत्र घरी येतं तेव्हा त्यावर एकाच माणसाचं नाव असतं. खाली मूळ पगार, घरभाडं, प्रवास भत्ता, वर्षाकाठी गावी जायचं विमानाचं तिकीट असे रकाने. घरातल्या बाकीच्यांचा उल्लेख झालाच तर एका ओळीत होतो: कुटुंबाला कंपनीचा विमा आहे किंवा नाही. पण ते पत्र स्वीकारलं की नोकरी सोडते पुण्यातल्या बँकेत बारा वर्षं काढलेली बायको, शाळा बदलते सातवीतली मुलगी, आणि दवाखान्यात एकटं जावं लागतं सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना. पगार एकाचा वाढतो, त्याची किंमत तिघाचौघांत वाटली जाते.

अशा वेळी आपल्या घरांत जी चर्चा होते ती पत्रावर नाव असलेल्या माणसापासून सुरू होते आणि बहुतेकदा त्याच्यापाशीच संपते. त्याला संधी आली आहे हे गृहीत. बाकीच्यांनी कसं जुळवून घ्यायचं एवढंच ठरवायचं राहतं. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करावा. नोकरी ज्याची आहे त्याने प्रस्ताव मांडावा, अटी दुसऱ्याने घालाव्यात. त्या पाळणं जमणार नसेल तर नोकरी हवी तर घ्यावी, पण कुटुंब हलवू नये. स्त्री-पुरुष समानतेचं तत्त्व मला मान्य आहेच. पण ते बाजूला ठेवलं तरी आखातातला कायदा, पैसा आणि मुलांच्या शिक्षणाचं वेळापत्रक यांतून हाच क्रम शहाणपणाचा ठरतो.

आधी जागेबद्दल, कारण निम्म्या शंका जागेबद्दलच असतात. उदाहरणादाखल अल मनखूल घेऊ: हा बर दुबईतला जुना, भरवस्तीचा भाग. एका अंगाला खालिद बिन अल वलीद रस्ता, ज्याला जुनी माणसं अजून बँक स्ट्रीट म्हणतात. कोपऱ्यावर बुर्जुमान मॉल आणि त्याच नावाचं मेट्रो स्थानक, पलीकडे करामा, थोडं चाललं की मीना बाजार. मध्यम उंचीच्या इमारती, हॉटेल अपार्टमेंट, तळमजल्यावर ग्रोसरी, लाँड्री, कडक चहा विकणारी कॅफेटेरिया. पोह्यांपासून कोकमापर्यंत सगळं मिळतं, गणपतीच्या दिवसांत मूर्तीही मिळतात. मुंबई विमानाने तीन तासांवर आणि घड्याळात फक्त दीड तास पुढे. २०२२पासून सुट्टीही शनिवार-रविवारची झाली आहे, त्यामुळे गावाकडच्यांशी निवांत बोलायचा दिवसही जुळतो. ‘परक्या मुलखात करमेल का’ हा प्रश्न त्यामुळे इथे फार टिकत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा उन्हाळा मुलांना घरात कोंडून ठेवतो, ही खरी गैरसोय. पण तीही अंगवळणी पडते. मनखूलमध्ये राहणं अवघड नाही. इथे कोणाच्या जोरावर आणि किती काळ राहायचं, हे अवघड आहे.

संयुक्त अरब अमिरातीत परदेशी माणसाचं राहणं बहुधा नोकरीला बांधलेलं असतं आणि त्याच्या कुटुंबाचं राहणं त्याला. कुटुंब आणण्याचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच सैल झाले. २०१९च्या जुलैपासून प्रायोजकाचा, म्हणजे कुटुंबाला आणणाऱ्या नोकरदाराचा, हुद्दा बघणं बंद झालं. महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा असली की जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा निघू शकतो. नोकरी करणारी बाईही प्रायोजक होऊ शकते. अविवाहित मुलीला वयाची अट नाही, आणि २०२२च्या सुधारणेनंतर अविवाहित मुलगाही पंचविशीपर्यंत पालकांच्या व्हिसावर राहू शकतो. तरी सगळं घर अजून एकाच नोकरीवर टांगलेलं आहे. ती गेली की कुटुंबाचा मुक्कामही संपायला लागतो. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला पूर्वी तीस दिवस मिळत. आता व्हिसाच्या वर्गानुसार मुदत वाढली आहे, काहींना ती सहा महिन्यांपर्यंत मिळते. २०२३च्या जानेवारीपासून नोकरी गेल्यास विम्याचे पैसे मिळण्याची योजनाही आहे: मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. हे आधार खरे आहेत, पण शाळेच्या सत्राच्या मध्यावर नोकरी गेलेल्या घराला ते पुरत नाहीत.

या व्यवस्थेत दुसऱ्या माणसाचं स्थान कागदांवरूनच कळतं. जोडीदाराला आणायचं तर आधी लग्नाचा दाखला लागतो. त्यावर मंत्रालयातले, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, मग अमिरातीच्या वकिलातीचे शिक्के घेण्यासाठी लोक आठवडेच्या आठवडे धावपळ करतात. त्याच धावपळीत तिच्या पदवीवरही शिक्के घेता आले असते. पण अनेक घरांत ते ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं. कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला कामाचा परवाना मिळू शकतो, कायद्याची आडकाठी नाही. अडतं ते पुढे. डॉक्टर आणि नर्स यांना दुबई आरोग्य प्राधिकरणाचा परवाना लागतो, शिक्षिकेला पात्रतेची कागदपत्रं मंजूर करून घ्यावी लागतात, भारतात वकिली करणाऱ्या बाईला इथल्या न्यायालयात सहसा उभं राहता येत नाही. या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि घरात कोणालातरी त्यासाठी मागे लागावं लागतं. नवऱ्याच्या नोकरीसाठी कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, मागे लागलेला असतो. तिच्यासाठी तसं कोणी नसतं.

आता पैशाचं. दुबईच्या पगाराला प्राप्तिकर नाही, दिरहम डॉलरला ३.६७ या दराने बांधलेला आहे, आणि रुपया घसरत गेला तसा इथला पगार गावाकडे जास्त जास्त मोठा दिसत गेला. या मोठेपणात एक फसगत आहे. समजा बायकोला पुण्यात महिना ६०,००० रुपये मिळतात. एका दिरहमचे २३ रुपये धरले तर ते साधारण २,६०० दिरहम झाले. नवऱ्याला १५,००० दिरहम मिळणार असतील तर तिचा पगार त्या आकड्याशेजारी किरकोळ वाटतो, आणि ‘एवढ्यासाठी काय अडून बसायचं’ असं म्हणत तो हिशेबातून वगळला जातो. पण तिच्या पगारासोबत भविष्य निर्वाह निधी जातो, ज्येष्ठता जाते, बढतीची पाळी जाते, आणि पंचेचाळिशीत परतल्यावर पुन्हा त्याच दारातून आत शिरण्याची शक्यताही जाते. यातलं काहीच दिरहममध्ये मांडता येत नाही, म्हणून ते कोणी मांडत नाही.

खर्चाची बाजूही सुरुवातीला तिरपी दिसते. मनखूलमध्ये एका बेडरूमच्या घराचं भाडं वर्षाला ७२,००० दिरहम आहे असं केवळ हिशेबासाठी धरू. भाडं बहुधा पुढच्या तारखांच्या धनादेशांनी भरायचं असतं. चार धनादेश असतील तर पहिला १८,००० चा. पाच टक्के अनामत ३,६०० आणि दलालाचे साधारण तेवढेच, वीज-पाण्याच्या जोडणीसाठी दुबईच्या वीज-पाणी प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘देवा’कडे, २,००० दिरहम अनामत. पहिलं भांडं विकत घेण्याआधीच २७,२०० दिरहम गेले, म्हणजे दोन महिन्यांच्या पगाराला जवळपास हात लागला. पुढे वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के नगरपालिकेचं शुल्क वीजबिलातून हप्त्याहप्त्याने जातं. दुबईत आरोग्यविमा सक्तीचा आहे. कर्मचाऱ्याचा विमा कंपनी भरते, बायकामुलांचा पत्रात तसं लिहिलेलं नसेल तर प्रायोजकाने भरायचा. शाळेची फी याहून वेगळी, आणि परदेशी माणसाची मुलं बहुतेक खाजगी शाळेतच जातात. करार संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. १५,००० पैकी मूळ पगार ८,००० असेल तर वर्षाला ५,६०० दिरहम, पाच वर्षांचे २८,०००. पत्रात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवलेले असतील तर हा आकडा आणखी आक्रसतो. या सगळ्यावरून दुबई परवडत नाही असं मी म्हणत नाही. अनेकांना ती उत्तम परवडते. एकट्या माणसाला परवडणारी दुबई आणि चौघांना परवडणारी दुबई ही वेगवेगळी गणितं आहेत, आणि पत्रातला आकडा पहिल्याच गणिताचं उत्तर असतो, एवढंच.

याला सर्वात वजनदार उत्तर असं येतं: पैशाचं काहीही होवो, कुटुंब एकत्र असावं, बाप पडद्यावर दिसून मूल वाढत नाही. हे उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही, आणि महाराष्ट्राइतका याचा अनुभव फार थोड्या प्रदेशांकडे असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातला पुरुष मुंबईला गेला आणि बायकामुलं गावी राहिली. गिरणगावात एकेका गाळ्यात गावकीतले डझनभर गडी पाळ्यांप्रमाणे झोपत. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. गावाकडे मनीऑर्डर जात राहिली आणि चाकरमानी गणपतीला, शिमग्याला येत राहिला. या पद्धतीचा ठसा जनगणनेत अजून दिसतो: २०११मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत १,१२२. गावात बाया जास्त जन्मत नव्हत्या. पुरुष गावात नव्हते. मुंबईनंतर त्याच जिल्ह्यातली, विशेषतः खेड, दापोली, चिपळूणकडची माणसं आखातात गेली आणि तीच घडी कायम राहिली. आज मनखूल, करामा, सतवा या भागांत जो मराठी माणूस बेडस्पेस घेऊन राहतो, म्हणजे खोली नव्हे तर खोलीतला एक पलंग भाड्याने घेतो, तो त्या गाळ्यातल्या गड्याचाच वारस आहे.

या इतिहासातून दोन्ही बाजूंना काही मिळतं. विरहाची किंमत काय असते हे कोकणातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजलं. शेती, सासूसासरे, मुलं, भावकीतले वाद हे सगळं एकटीने सांभाळायचं आणि निर्णय मात्र मुंबईहून येणाऱ्या पत्राने व्हायचे. त्या व्यवस्थेचं कौतुक करावं असं त्यात काही नाही. पण १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि संप कधी औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही. त्या काळात हजारो कामगारांना परत जायला गाव होतं, कारण तिथे घर, शेती आणि माणसं जागेवर होती. ज्यांनी सगळं मुंबईत हलवलं होतं त्यांच्याकडे तो मार्ग उरला नव्हता. एका माणसाने जावं आणि घराने थांबावं, यात दुरावा आहे, तसंच संकटात परतायला जागाही आहे. आखातात ही जागा तर आणखी महत्त्वाची. अमिरातीत दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, सेवानिवृत्तांसाठी वेगळा व्हिसा आहे, पण नोकरदार भारतीय कुटुंबाला नागरिकत्वाची वाट जवळपास नाही. अमेरिकेला गेलेलं घर ‘परत यायचं की नाही’ हा प्रश्न पुढे ढकलू शकतं. मनखूलमधल्या बहुतेक घरांना परतावंच लागतं. फक्त तारीख माहीत नसते.

म्हणून जाण्याचा निर्णय परतीच्या टोकाकडून वाचायला हवा, आणि परतीचा भार सर्वात जास्त येतो मुलांवर आणि नोकरी सोडलेल्या जोडीदारावर. मुलांची गोष्ट अगदी नेमक्या वेळापत्रकाने बांधलेली आहे. दुबईत केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळा भरपूर आहेत. इंडियन हायस्कूल १९६१पासून चालू आहे, शैक्षणिक वर्षही आपल्यासारखं एप्रिलला सुरू होतं. खाजगी शाळांत नववीपर्यंत अरबी शिकावी लागते. ते नुकसान नाही, झाला तर फायदाच. मराठी मात्र शाळेच्या वेळापत्रकात क्वचितच बसते, ती घरच्यांनाच राखावी लागते. अडचण येते बारावीनंतर. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी, मोजके अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. मुलगी नववीत असताना दुबईला नेली आणि दहावी तिथे झाली की ती नागपूरची असो वा सांगलीची, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्या जागांवरचा तिचा हक्क गेला. अभियांत्रिकीत आखाती देशांतल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत, त्यामुळे तिथे वाट थोडी रुंद आहे. म्हणजे मूल कितवीत आहे यावर निर्णय बदलतो. पहिली-दुसरीतलं मूल घेऊन चार-पाच वर्षांसाठी जाणं आणि आठवीतलं मूल घेऊन जाणं, यांत पहिलं बहुधा सोपं आणि दुसरं बहुधा महाग. ‘मुलांचं भलं होईल’ असं म्हणत जे घर आठवीतल्या मुलाला घेऊन निघतं, त्याने हा नियम वाचलेला असला पाहिजे. आणि मूल चौदा वर्षांचं असेल तर त्यालाही विचारलेलं असलं पाहिजे, कारण दार बंद होणार आहे ते त्याचं.

आईवडिलांबद्दल आपण घरात सर्वात कमी बोलतो, म्हणून इथे सरळ बोलतो. त्यांना सोबत नेता येईल, असं धरून चालणारे अनेक असतात. पालकांचा व्हिसा मिळू शकतो, पण त्याला पगाराची मर्यादा पुष्कळ वरची आहे, तो एकेका वर्षाचा असतो, आणि वय वाढेल तसा त्यांचा सक्तीचा विमा महाग होत जातो. शिवाय सातारच्या किंवा बेळगावच्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाला मनखूलच्या सातव्या मजल्यावर बसवून ठेवणं हे त्याच्यासाठी सुख असेलच असं नाही. बहुतेकदा ते मागे राहतात, आणि त्यांच्या डॉक्टरच्या वेळा, औषधं, घरकामाच्या बाईचा पगार हे कोण बघणार हा प्रश्न शहरातच राहिलेल्या बहिणीवर, वहिनीवर किंवा शेजाऱ्यांवर न विचारता पडतो. त्या व्यक्तीचं नाव पत्रावर नाही, व्हिसावरही नाही. तिला निदान निघण्याआधी विचारलं पाहिजे, आणि तिच्या श्रमाचे पैसे दर महिन्याला, मागावे न लागता, गेले पाहिजेत.

हे सगळं ऐकल्यावर कोणी म्हणेल की नोकरीसाठी घर हलवणं आपल्याकडे नवं थोडंच आहे. बदलीच्या नोकऱ्यांत पिढ्या गेल्या. खरं आहे. रेल्वे, बँका, टपाल, महसूल यांतल्या माणसांनी अर्धा महाराष्ट्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन पाहिला. पण त्या व्यवस्थेत दुसऱ्या माणसाची दखल हळूहळू घेतली गेली. केंद्र सरकारने १९८६मध्ये पती-पत्नींना शक्यतो एका ठिकाणी नेमण्याचं धोरण काढलं, २००९मध्ये ते अधिक स्पष्ट केलं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा आजही बराच बोलला जाणारा मुद्दा आहे. एकाची बदली म्हणजे दोघांचा प्रश्न, हे सरकारी कागदालासुद्धा मान्य करावं लागलं. दुबईतल्या कंपनीला तसं काही मानण्याचं कारण नाही. ती एका माणसाचा करार करते. जे काम तिथे शासनाच्या परिपत्रकाने केलं ते इथे घरालाच करावं लागतं.

आणि हे काम बाईच्याच बाजूने करायचं असतं असंही नाही. नोकरी बायकोला आली, ती नर्स आहे, शाखाधिकारी आहे, शाळेत विभागप्रमुख आहे, आणि नवरा तिच्या व्हिसावर जाणार आहे, असं आता घडतं. तेव्हा हाच युक्तिवाद त्याला लागू होतो, आणि आपल्या समाजात तर जरा जास्तच. कारण बायकोच्या मागे गेलेल्या पुरुषाला गावचे लोक ‘तो तिथे काय करतो’ हे दर फोनवर विचारणार, आणि त्याने स्वतःसाठी काही ठरवून ठेवलेलं नसेल तर एका वर्षात तो प्रश्न घरात भांडण बनून शिरणार. आनंदीबाई जोशी यांनी नवऱ्याच्या टपाल खात्यातल्या बदल्यांमागे अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा प्रवास केला. १८८३मध्ये मात्र त्या डॉक्टरी शिकायला एकट्या अमेरिकेला गेल्या आणि गोपाळराव नंतर पोहोचले. त्यांचा संसार अनुकरणीय म्हणून सांगायचा नाही, गोपाळरावांचा जाच सगळ्यांना माहीत आहे. पण ज्याचं काम तिथे आहे त्याने आधी जावं आणि दुसऱ्याने स्वतःची वेळ आल्यावर जावं, ही कल्पना मराठी घराला परकी नाही एवढं त्यावरून दिसतं.

मग दुसऱ्या माणसाने अटी कोणत्या घालाव्यात? मला चार महत्त्वाच्या वाटतात. पहिली कामाची. पदवीवरचे आणि अनुभवाच्या दाखल्यांवरचे शिक्के निघण्याआधी पूर्ण; परवाना लागणारा व्यवसाय असेल तर त्याची परीक्षा आणि फी घराच्या खर्चातून, जसा नवऱ्याच्या व्हिसाचा खर्च धरला जातो तसा. शक्य असेल तिथे भारतातल्या नोकरीचा राजीनामा देण्याऐवजी बिनपगारी रजा. दुसरी पैशाची. नोकरी सोडली त्या महिन्यापासून तिच्या नावावर एक ठरावीक रक्कम, निदान तिच्या सुटलेल्या पगाराइतकी, दर महिन्याला जायला हवी, आणि ती घरखर्चासाठी धरायची नाही. ६०,००० रुपये तेव्हा किरकोळ वाटत होते ना? मग ते दर महिन्याला बाजूला काढणंही किरकोळच असायला हवं. जमत नसेल तर गणितात चूक होती हे निघण्याआधीच कळलेलं बरं. तिसरी घराची. गावाकडचं घर विकायचं नाही, आणि भाड्याने दिलं तरी करार अकरा महिन्यांचाच, म्हणजे परतायची वेळ आली की ते मोकळं करता येईल. चौथी तारखेची. किती वर्षांनी पुन्हा बसून ठरवायचं ते आजच लिहायचं, आणि त्या दिवशी ‘परत’ म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या माणसाला, कारणं न देता. मूल आठवीत जाण्याआधीचं वर्ष ही त्यासाठी चांगली वेळ.

यावर आक्षेप येणार: नवरा-बायकोत करारनामे कसले, हा तर अविश्वास झाला. मला वाटतं उलट आहे. कंपनीशी आपण करार करतो, घरमालकाशी करतो आणि त्याची ‘एजारी’ या सरकारी व्यवस्थेत नोंदणी करतो, शाळेशी करतो, त्यातल्या कोणालाही आपण अविश्वासू समजत नाही. लिहिलेलं नसेल तर तीन वर्षांनी दोघांना वेगवेगळं आठवतं, आणि तेव्हा ज्याच्या खात्यात पगार येतो त्याचं आठवणं वरचढ ठरतं. शिवाय संकटाच्या वेळी प्रश्न विश्वासाचा नसून व्यवस्थेचा असतो. प्रायोजकाचा मृत्यू झाला किंवा घटस्फोट झाला तर बाईला प्रायोजकाविना एक वर्ष राहण्याची सोय अमिरातीने २०१८मध्ये केली. पण त्या वर्षात खायचं काय आणि खात्यात काय आहे, हे आधीच्या वर्षांनी ठरवलेलं असतं. चांगल्या संसारांनाही कंपनी बंद पडण्याचा धोका असतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: सगळ्याच घरांना इतकं निवडायची मुभा नसते. कर्ज फिटत नाही, गावाकडे नोकरीच मिळत नाही, वाट बघायला वेळ नाही. मान्य. त्या घराने जावं. पण तंगी जितकी जास्त तितकं ‘एकाने आधी जावं’ हेच शहाणपणाचं ठरतं, कारण तंगीतल्या घराला दोन ठिकाणचं भाडं जमतं पण एका ठिकाणचं अपयश पेलत नाही. पहिल्या सहा महिन्यांत कंपनी पगार वेळेवर देते की नाही, परिवीक्षाकाळ संपल्यावर ठेवते की नाही, मूळ पगार बोलल्याप्रमाणे आहे की नाही, हे सगळं बेडस्पेसमध्ये राहणाऱ्या एकट्या माणसाला कमी खर्चात कळतं. आणि कुटुंबाचे व्हिसे काढून मग ‘थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे’ असं करायचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवावं की सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं की सामान्य निवासी व्हिसा बाद होतो. अर्धं घर इथे आणि अर्धं तिथे ठेवायला कायद्याची मुदत आहे.

म्हणून निर्णयाची कसोटी अशी ठेवावी. दुसऱ्या माणसाला त्या शहरात स्वतःचं काम किंवा स्वतःची मिळकत असेल का? मुलांच्या शिक्षणातलं कोणतं दार बंद होतंय ते माहीत असून मान्य आहे का? उद्या नोकरी गेली तर परतायला घर आणि सहा महिन्यांचा खर्च शाबूत आहे का? या तीन प्रश्नांना ‘हो’ म्हणायचं ते पत्रावर नाव नसलेल्या माणसाने, आणि मोकळेपणाने. तसं झालं तर कुटुंब घेऊन मनखूलमध्ये घर बघायला काहीच हरकत नाही. इथली बरीच वर्षं सुखाची जातील. एकाही प्रश्नाला उत्तर अडखळत आलं, तर नोकरी घेणाऱ्याने पहिलं वर्ष एकट्याने काढावं, आणि बाकीच्यांची तिकिटं दुसऱ्या माणसाने सांगितलेल्या महिन्याचीच काढावीत.